उजव्या कानशिलावरची गोळी

माणसाला यंत्रात सरकवण्याआधी ती त्याच्या उजव्या कानशिलावर जीवनसत्त्वाची तेलकट गोळी चिकटवायची. मेंदूच्या चित्रात गोळी पांढरी चमके, म्हणजे उजवी बाजू कुठली याचा घोळच नको. वीस वर्षं हेच काम. खात्यात तिला सगळे ‘गोळीवाली’ म्हणत. ती मनात देवाचं नाव घेई आणि पुढच्याला आडवं करी.

साहेबांचा शोधनिबंध गाजला. तोतरं बोलणाऱ्यांच्या मेंदूचा डावा कोपरा म्हणे लहान असतो. दुसऱ्या दोन संस्थांनी तसंच करून पाहिलं, तर त्यांना काहीच सापडेना. त्यांनी मूळ चित्रं मागितली. नावं वगळून ती द्यायला लोकांनी आधीच सह्या दिल्या होत्या; तरी साहेबांनी सहा महिने ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी वरून आदेश आला आणि चित्रं काढून द्यायला तिला बसवलं.

पहिल्या तेवीस जणांची गोळी डावीकडे! यंत्रातून चित्रं उतरवून घेताना साहेबांच्या विद्यार्थ्याने बाजूच उलटी केली होती. तिने जाऊन सांगितलं. साहेबांनी एक टाइप केलेला कागद पुढे ढकलला.

“सही करा. गोळ्या तुम्हीच चुकून डावीकडे लावल्यात.”

“तेवीस वेळा?”

“बाई, पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. उगाच पायावर धोंडा कशाला पाडून घेता?”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने एक चित्र त्यांच्या चहाच्या कपाशेजारी आपटलं.

“हा आपला दारावरचा पहारेकरी. यालाही तपासला होता आपण. त्याचा उजवा डोळा काचेचा, रोज सलाम घेता त्याचा. इथे बघा, काचेचा डोळा डावीकडे आलाय. तोही मीच चिकटवला का?”

“तोंड सांभाळून बोला!”

“वीस वर्षं सांभाळलंच की.”

तिने कागदावरचा मजकूर खोडला, खाली खरं काय ते लिहिलं, सही ठोकली. त्याची नक्कल चित्रांसोबत जोडून तिने ते सगळं त्याच दुपारी त्या दोन संस्थांकडे रवाना केलं, आवक-जावकचा शिक्का मारून घेतला.

तिसऱ्या दिवशी तिची बदली झाली. तळघरात, जुन्या फाइलींकडे. यंत्राच्या खोलीची किल्ली काढून घेतली. निबंध मागे घ्यावा लागला तो पुढच्या महिन्यात. तेव्हाही साहेबांनी तिला एक शब्द विचारला नाही, आणि तिलाही तो नको होता. आता अरुंद जिन्यात समोरासमोर आले, तर ती तसूभर सरकत नाही. साहेबच भिंतीला अंग घासत खाली उतरतात.