मधली चित्रं काढणारे दिगूभाऊ

दिगूभाऊंना कुणी काही सांगायला लागलं की ते हात वर करून त्याला थांबवायचे. "सुरवात कळली. आता शेवट सांगा. मधला माका कळता." लग्न मोडल्याची हकिकत असो की गाय हरवल्याची, त्यांना दोन टोकं पुरत. मधलं ते खरोखरच बरोबर ओळखत. त्यामुळे सांगणाऱ्याचा अर्धा आनंद जायचा, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

ही सवय नोकरीतली. मुंबईच्या एका कार्टून स्टुडिओत त्यांनी चाळीस वर्षं 'इन-बिटवीन' काढली. मोठा आर्टिस्ट दोन चित्रं काढतो, एकात हात खाली, दुसऱ्यात हात वर. तो हात खालून वर नेणारी सगळी चित्रं काढतो तो इन-बिटवीनर. स्टुडिओ बंद झाल्यावर ते मसुऱ्याजवळच्या आमच्या गावी, आईच्या रिकाम्या घरात एकटेच येऊन राहिले. आमच्या दोन घरांत एक गडगा, दगडांची बुटकी भिंत. गेल्या वर्षी ते वारले, आणि त्या घराला आता कुलूप आहे.

मी एका काजू कारखान्याचे हिशेब बघते. एका सकाळी गडग्यापलीकडून त्यांनी हाक मारली. "वयनी, माका एक फिल्लम करूची आसा. एकट्यान."

"कोणाची?"

"आवशीची. डोळे चलतत तवसर करूक व्हयी."

त्यांना काचबिंदू होता. फिल्म दीड मिनिटाची. आई आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून नारळ खवते आणि उठून जाताना दाराशी बसलेल्या लहानग्या दिगूच्या हातावर चिमूटभर खोबरं ठेवते. बस, इतकंच.

सॉफ्टवेअर निवडायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी कारखान्याची खरेदी करावी तसा तक्ता केला. कुठलं फुकट, कुठलं महिन्याच्या भाड्याचं. नेट नसताना चालतं का. माझ्या जुन्या लॅपटॉपला झेपेल का. नवं चित्र काढताना आधीचं खाली पुसट दिसतं का. एका सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे दीड मिनिटाला एक हजार ऐंशी. रोज दहा धरली तरी साडेतीन महिने. म्हणून माझ्या मते निर्णायक रकाना शेवटचा, काम वाचवणारा होता, आणि तो दाखवायला मी त्यांना मुद्दाम घरी बोलावलं.

"भाऊ, ह्या बघा. पयला नि शेवटचा चित्र दिला की मधली सगळी आपणाच काढता!"

मी बटण दाबलं. एक चेंडू डावीकडून उजवीकडे अलगद उडत गेला. मी पुन्हा दाबलं. दिगूभाऊंनी चष्मा काढून पुसला.

"बरा आसा," ते म्हणाले. "मगे चाळीस वर्सां माका पगार कित्याक दिल्यानी?"

ते हसले. मला हसता आलं नाही. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले आणि साखरेचा डबा हातात धरून नुसती उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता उलटा लावला. ज्याला मधलं काहीच काढता येत नव्हतं, असं एक साधं, फुकटचं सॉफ्टवेअर वर आलं. तेच घेतलं, सोबत लॅपटॉपला जोडायची पाटी आणि तिच्यावर काढायचं पेन, आणि लॅपटॉप त्यांच्या घरी ठेवला. "आदी आवाज, मगे चित्र," म्हणत त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात नारळ खवण्याचा आवाज फोनवर घेतला. आणि मग आठवडे गेले, पडदा कोराच राहिला.

"पयला येना नाय," ते म्हणाले. पहिलं चित्र नेहमी दुसऱ्या टेबलावरून यायचं. इथे दुसरं टेबल नव्हतं.

एका दुपारी ते कागद आणि पेन्सिल घेऊन आले. "वयनी, तुमी काढा. तुमी आवशीक बघितलास."

"भाऊ, माका कावळो काढूक येना नाय!"

"कावळो नको. आवस काढा."

मी पाच चित्रं काढली. बसलेली, खवणारी, उठणारी, चालणारी, हात पुढे केलेली. पहिल्यात पायसुद्धा काढला, पुढच्यांत नुसत्या रेघा. लाजेने दुसऱ्यांदा न बघताच मी कागद पुढे सरकवले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले. तिथून पुढे रोज सकाळी त्यांच्या खिडकीतून पेनची खरखर ऐकू येऊ लागली.

फिल्म गावच्या शाळेत, भिंतीवर दाखवली. सुरुवातीला माझी ती वाकडी बाई दिसताच पोरं हसली. मग ती हलली. खांदा किती पुढे येतो, वाटी उचलताना मान कशी वळते! पोरं सरकत भिंतीजवळ गेली. मी तिला लग्न होऊन आले तेव्हा पाहिलं होतं. ती तशीच उठायची. तेवढ्यात पुढे बसलेली जनाकाकी मोठ्याने म्हणाली, "रे दिगू, तुझ्या आवशीक सहा बोटां खंय होती?"

मी मोजली. विळीवर दाबलेल्या, मीच काढलेल्या पायाला सहा बोटं होती. उठताना सहा, चालताना सहा. हजार चित्रांत सहा. लोक खो खो हसत होते, आणि शेवटी भिंतीवर अक्षरं आली. 'मुख्य चित्रे' म्हणून माझं पूर्ण नाव, मोठं. त्याखाली बारीक, 'मधली चित्रे: दिगंबर'.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या आहेत. त्या रात्री मला मान वर करवली नाही.

वाटेत मी म्हटलं, "भाऊ, चूक माझी. पण तुमका दिसला नाय?"

"दिसला ना. पयल्याच दिसा."

"मगे?"

"आर्टिस्टाचा शीट बदलूचा नसता, वयनी."

"पण आवस तुमची! तिचो पाय तुमका ठावक होतो."

ते थांबले. "ठावक आसा. आंगठ्याच्या बाजूचा बोट लांब. टाचेक विळीचो वण." मग तक्रार नाही, नुसतं सांगावं तसं म्हणाले, "पण कोणी इचारल्यानच नाय."

लॅपटॉप, नेट, पेन, महिने, सगळं मी विचारलं होतं. मी बॅटरी पुढे रस्त्यावर धरली, म्हणजे उजेड माझ्या तोंडावर येणार नाही, आणि घरापर्यंत त्यांच्या मागूनच चालत राहिले.