निळी न झालेली बाटली

"पाणी पीत नाही, बाटलीत भरून द्या," असं मॅडम कुणाच्याही दारात म्हणायच्या. तांब्या घेऊन उभ्या असलेल्या बाईला हे कसं वाटत असेल, तुम्हीच बघा.

आमच्या उमरग्याच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मी इतिहास. त्यांना गाडी येत नव्हती आणि माझ्याकडे स्कूटर होती. एवढ्या पात्रतेवर मी त्यांच्या विहिरींच्या पाण्यावरच्या संशोधनात शिरलो.

त्यांनी एक काळपट पूड बनवली होती, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांची. ती आणि एक रसायन टाकलं की चांगलं पाणी निळं व्हायचं. पाण्यात तणनाशक असेल तर रंग चढायचाच नाही. शिवाय उन्हात तीच पूड तणनाशक फोडायची. लोक मात्र निळं पाणी बघूनच घाबरायचे.

एकदा तामलवाडीकडं त्यांच्या धाकट्या भावाच्या विहिरीवर गेलो. तो फवारणीचा पंप तिथंच धुवायचा. बाटली निळी झाली नाही.

"अक्का, परत बघ."

त्यांनी परत बघितलं. पाणी पाण्यासारखंच राहिलं.

"गावात बोलू नको. सगळी वस्ती हितलंच पाणी पिती."

"म्हणूनच बोलायचं," त्या म्हणाल्या आणि घरोघर सांगून आल्या. निघताना भाऊ बाहेर आला नाही.

त्या वर्षी नागपंचमीला माहेरचं बोलावणं आलं नाही. "त्या दिवशी माझा तास होता," त्या म्हणाल्या. पंचमीला कॉलेजला सुट्टी असते.

पुढं त्यांनी कौलांच्या तुकड्यांना ती पूड लावली आणि त्याच विहिरीचं पाणी टबात घालून गच्चीवर उन्हात ठेवलं. मग त्याची बाटली निळी झाली. मी अभिनंदन केलं. "टबात जमलंय," त्या म्हणाल्या, "विहिरीचं माहीत नाही." भाऊ फोन उचलत नव्हता. त्यांनी तुकड्यांचं पोतं, आत कसं मांडायचं त्याची चिठ्ठी घालून, एसटीनं पाठवून दिलं. पोचल्याचा निरोपही आला नाही.

हिवाळ्यात त्या हृदयविकारानं गेल्या.

तेराव्याला भावाकडं गेलो, तर विहिरीजवळ सिमेंटचा नवा उथळ हौद दिसला. पाण्यात तुकडे ओळीनं मांडलेले. भाऊ शेजारी उकिडवा बसला होता.

"त्यांना कळवलं होतं?" मी विचारलं.

"बोलावणार व्हतो. आधी पाणी चांगलं होऊ दे म्हनलं."

 लिंबाची सावली हौदावर सरकत होती. बाह्या वर करून तो सावलीतला एकेक तुकडा उचलून उन्हात मांडत राहिला.