पेटीची किल्ली

स्त्रीची सुरक्षा हे शासनाचं पवित्र कर्तव्य आहे. असं आमच्या ग्रामपंचायतीतल्या लाल तक्रारपेटीवर लिहिलेलं होतं. पेटीची किल्ली उपसरपंचाकडे. पाच महिने माझ्या मागं लागलेला पोरगा त्याचा सख्खा पुतण्या. हे ठाऊक असूनही मी अर्ज टाकला. शिकलेल्या माणसांचा छापील मजकुरावर फार विश्वास.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. मी आणि वडील गेलो. समोर दहा-बारा पुरुष, त्यांच्यात तो पुतण्याही, हातात चहा. उपसरपंचानं माझा अर्ज सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. कासारसाईच्या रस्त्यावर मोटरसायकल आडवी घातली. कंपनीच्या बसमागे हिंजवडीपर्यंत आला. माझे फोटो काढले.

"दिसायला बरी हाय, काढणारच की," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. वडील स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

मग ताट आलं. कुंकू, अक्षता, राखी. रक्षाबंधन अजून लांब होतं. मागच्या वर्षीच्या महिला सुरक्षा कार्यक्रमातली एक राखी उरली होती.

"पोरी, गावातलं गावात मिटवू. बांध. आजपास्नं भाऊ हाय त्यो तुजा," उपसरपंच म्हणाला.

पुतण्यानं मनगट पुढं केलं. "बांध की ताई. मला बी कामं हायेत."

"बांध बाय," वडील पुटपुटले. "न्हाईतर नोकरी सोडावी लागंल तुला."

धागा त्याच्या मनगटाला, गाठ माझ्या पायाला. मी राखी उचलली. मुठीत धरली.

"भाऊच व्हायचं व्हतं, तर पाच महिनं मागं कशाला फिरत व्हता?"

मी उठले ती थेट तालुक्याच्या पोलीस ठाण्यात. वडील आले नाहीत. तिथल्या महिला फौजदारांनी सगळं तारीखवार लिहून घेतलं. पाठलाग हा कायद्यात वेगळा गुन्हा आहे, म्हणाल्या. पेटीवर एवढं लिहायला जागा नसावी.

"गावात मिटवायला बसले नव्हते का?" त्यांनी विचारलं.

मी मूठ उघडली.

पुतण्या जामिनावर सुटलाय. उपसरपंचाचे निरोप येतात, तक्रार मागं घे. घेणार नाही. नोकरी सोडणार नाही. बस सात चाळीसची, रस्ता तोच. कोर्ट बोलावेल तितक्या वेळा जाईन. एकटी जाईन.

राखी ठाण्यात जमा आहे. पावतीवर लिहिलंय: राखी, लाल, एक नग. न वापरलेली.