कॅमेऱ्यावरची घोंगडी

"राखण मालाची करावी, मानसाची न्हाय." म्हस्कूच्या तोंडी हे वाक्य सदा असायचं. मेंढरं होती तेव्हाही, आणि मेंढरं विकून बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या बांधकामावर तो राखणदार झाला तेव्हाही. त्याची बायको सारजा तिथंच घमेली वाहायची. मोरगावकडचं घर बंद करून दोघं साईटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती.

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर साईटवर कॅमेरा आला. सळई चोरीला जाते म्हणून पुण्याच्या मालकांनी खांबावर बसवला. कामगारांना कुणी काही सांगितलं नाही. ऑफिसात टीव्ही होता, खाली टेप फिरायची.

दुसऱ्याच सकाळी किल्ल्या आणायला म्हस्कू ऑफिसात गेला आणि टीव्हीपुढं थिजला. काचेत पाण्याच्या टाकीमागची न्हाणी दिसत होती. बायकांनी चहूबाजूंनी तरटं बांधली होती, पण कॅमेरा वरून बघत होता, आणि वर तर आभाळच होतं.

त्यानं सारजेला एकटीला गाठून सांगितलं. "कुनाला बोलू नगं. बायका शरमनं मरतील, गडी कुदळी घिऊन धावतील."

त्याच्या बापाची एक रीत होती. मेंढी व्यायला बसली की बाप पाठ फिरवून घोंगडी आडवी धरायचा. मुक्या जनावरालाही आडोसा हवा म्हणायचा. म्हस्कूनं तेच केलं. रोज सकाळी बायका न्हाणीकडं निघाल्या की तो शिडी लावून कॅमेऱ्यावर घोंगडी टाकी, त्या परतल्या की काढी.

"तात्या, कॅमेऱ्याला थंडी वाजती व्हय?" त्या बायकांतली छबूबाई हसायची. "त्याला च्या बी पाजा की!"

सारजा हसायची, पण तिची नजर ऑफिसच्या दाराकडं जायची. आज न उद्या टेप कुणीतरी बघणारच.

सोमवारी विजयसिंह साहेब आले. तिशीतला इंजिनिअर, बोलायला सरळ. सळईची दोन बंडलं पुन्हा गायब झाली होती. टेप लावली, तर आठवडाभर रोज सकाळी अर्धा तास नुसता काळोख. एका टेपेत काळोखाआधी म्हस्कूचा हात दिसला.

सगळ्यांसमोर साहेबांनी विचारलं, "म्हस्कू, कॅमेरा का झाकत होतास?"

म्हस्कूनं हातातली घोंगडी काखेत घेतली.

"त्या अर्ध्या तासात माल कुठं गेला? तूच चोर, असं समजू?"

सारजा घमेलं घेऊन पुढं आली. नवरा बोलणार नाही, हे तिला ठाऊक होतं. चोर म्हणून घेईल, पण बायांची अब्रू चावडीवर मांडणार नाही. आणि एकदा चोर ठरला, की बारामतीपासून इंदापूरपर्यंत कोण त्याला गेटावर बसवील?

"आवं, सांगा की त्यास्नी," ती पुटपुटली. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

मग तिनं घमेलं खाली ठेवलं. "सायेब, जरा आत चला. एकलेच."

टीव्हीपुढं नेऊन तिनं काचेवर बोट ठेवलं. न्हाणीच्या दोरीवर छबूबाईचं ओलं लुगडं वाळत होतं.

"आमी रोज हितं अंघोळी करतो, सायेब. आता तुमीच सांगा, चोर कोन?"

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते बाहेर येऊन स्वतः शिडी चढले, कॅमेरा गेट आणि सळईच्या ढिगाकडं वळवला. रंगारी बोलावून गेटावर पाटी लिहून घेतली: 'मालाच्या राखणीसाठी येथे कॅमेरा आहे.' कामगारांना गोळा करून कॅमेरा कुठवर बघतो ते दाखवलं. न्हाणीचं काही बोलले नाहीत. जुन्या टेपा आपल्यासमोर जाळायला लावल्या.

"तात्या, चुकलं माझं. तुम्ही राहा," ते म्हस्कूला म्हणाले.

म्हस्कूनं घोंगडी झटकून खांद्यावर घेतली. "नजर वळवलीत, ब्येस झालं. पर समद्यांम्होरं चोर म्हनलात. त्या गेटावर बसलो तर लोक मालाकडं न्हाय, माझ्याकडंच बघतील."

"मग कुठं जाणार?"

"कन्हेरीला बागायतदार हायती. कुनाचं तरी रान राखीन." सारजेकडं वळून म्हणाला, "तुजा कामाचा हप्ता पुरा कर, मग ये."

तो चालू लागला. छबूबाई आणि बाकीच्या बाया घमेली डोक्यावर तशीच धरून उभ्या होत्या. का गेला, हे त्यांना कळलं नव्हतं. साहेब पाटीजवळ थांबले होते.

सारजा ऑफिसच्या दारात होती. एका डोळ्यानं तिला गेट दिसत होतं, दुसऱ्यानं टीव्हीची काच. काचेतला म्हस्कू बोटाएवढा झाला, मग कडेपाशी आला आणि बाहेर गेला. गेटापलीकडं मात्र तो अजून दिसत होता, रस्त्याच्या कडेनं जाणारी काळी घोंगडी. कॅमेरा तिथवर पोचत नव्हता. सारजा बघत राहिली.