सदाभाऊंचा उजवा डोळा

सदाभाऊ गेल्याची बातमी मला आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. 'आमचे मार्गदर्शक हरपले.' खाली जोडलेले हात, एकाखाली एक. मार्गदर्शक म्हणे... याच ग्रुपवर गेल्या साली 'म्हातारा येडा झालाय' असं त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. दीड महिना होत आला, माझा राग काही उतरत नाही.

सदाभाऊ मूळचे पासलीचे, भोरला त्यांचा फोटो स्टुडिओ. शिक्षण नववीपर्यंत. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण कॅमेऱ्याचा सेन्सर मला कळला तो त्यांच्याकडून. "सर, सेन्सर म्हंजी भाताची खाचरं," ते सांगायचे. "लाखांनी. पावसाच्या जागी उजेड पडतो. ज्या खाचरात जास्त साठला, तितं फोटो उजळ." त्यांच्या पहिल्या कॅमेऱ्यात सीसीडी सेन्सर होता. त्यात या खाचरातलं त्या खाचरात, त्यातलं पुढच्यात असं सरकवत नेऊन शेवटी एकाच तोंडाशी मोजायचं. फोटो गोड, काम सावकाश. नव्या सीमॉसमध्ये मोजणी ज्या त्या खाचरातच, म्हणून तो झटपट आणि बॅटरीही कमी खातो. "आणि रंग?" मी विचारलं होतं. "रंग त्याला कळतच न्हाई. एकेका खाचरावर तांबडी, हिरवी न्हाईतर निळी काच बसवल्याली असती. त्यावरनं हिशोब लावायचा."

गेल्या साली मंडळाने गणपतीच्या मिरवणुकीत डीजेसोबत लेझर आणला. फोटोंचं काम नेहमीप्रमाणे सदाभाऊंकडे. त्यांचा कॅमेरा आरशाचा. भिंगातून आलेला उजेड आरसा डोळ्याकडे पाठवतो, बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि तोच उजेड सेन्सरवर पडतो. लेझरचा झोत दोन्ही वेळा आत शिरला. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोवर उभी हिरवी रेघ, आणि सदाभाऊंच्या उजव्या डोळ्यासमोर काळा डाग. डोळ्याचा पडदा भाजलाय, डॉक्टर म्हणाले.

सदाभाऊंनी मंडळाच्या बैठकीत तो रेघेचा फोटो सगळ्यांपुढे ठेवला. "सेन्सर बदलता येतो. पोराबाळांचं डोळं कुठनं आणायचं?" अध्यक्ष म्हणाला, "भाऊ, तुमचा कॅमेराच जुना झालाय." सगळे फिदीफिदी हसले. मीही तिथे होतो. मंडळाचा सल्लागार, विज्ञानाचा मास्तर, पुढच्या खुर्चीत. मला सगळं समजत होतं आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. दुसऱ्यांवर चिडायचा मला काय अधिकार?

दीड महिन्यापूर्वी विंझरला साखरपुड्याचे फोटो काढून ते दुपारी मोटारसायकलवर परत येत होते. एका डोळ्याने समोरच्या टेम्पोचं अंतर कळलं नाही. लोक म्हणाले, नशीब. नशिबाचं नाव घेतलं की सगळ्यांचेच हात धुतले जातात.

परवा अध्यक्ष मला घेऊन स्टुडिओत गेला. सदाभाऊंच्या माघारी वहिनी अजून रोज सकाळी शटर उघडतात, झाडून घेतात आणि गल्ल्यामागे बसतात. यंदाची मिरवणूक सदाभाऊंच्या स्मरणार्थ, लेझरसकट, आणि वहिनींच्या हस्ते आरती, असं पत्रक त्याने त्यांच्यापुढे ठेवलं. वहिनींनी ते शेवटपर्यंत वाचलं. त्याच्याकडे पाहिलंही नाही, मला विचारलं, "सर, त्या बैठकीत तुमी काय बोलला व्हता?"

"काहीच नाही, वहिनी."

"मग आता बोला. मी हितंच बसलेय."

अध्यक्ष उठायला लागला. मी दार अडवून उभा राहिलो आणि, माणूस जिवानिशी गेल्यावर, बोलायला सुरुवात केली.