मेलेल्या खाडीतला जिताडा

बहिणीने नेलपॉलिशची बाटली उघडली की मला अजून पनवेलची खाडी दिसते. माझे काका, आप्पा, त्याच पॉलिशने गळाला बांधलेल्या पिसाची गाठ पक्की करायचे. जन्मभर गरी टाकणारा माणूस, पण खाडीत टाकलेल्या मातीच्या भरावाने त्यांची जागा गिळली आणि त्यांनी मासे धरणं सोडलं. पाच वर्षांनी लेकीने परदेशातून फ्लाय रॉड, म्हणजे पिसाचं खोटं आमिष फेकायची लवचीक काठी, आणला, तेव्हा ते पुन्हा खाडीवर उभे राहिले.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि 'खाडी मेली!' अशी पत्रकं वाटत होतो. त्या सकाळी बांधावर लोक हसत होते. "आप्पा, कोंबडीचं पीस खायाला जिताडा येडा हाय का?"

आप्पांनी दोरी डोक्यावरून चाबकासारखी फिरवली आणि पीस पाण्यावर अलगद सोडलं. तिसऱ्या खेपेला रॉड वाकला. थोड्या वेळाने हातभर जिताडा चिखलात उड्या मारत होता.

मी घाबरलो. "आप्पा, झाका त्याला! माझी पत्रकं खोटी पडतील!"

"मेलेल्या खाडीला वाचवाया कोन येनार रं? जिवंत हाय म्हनून सांग."

आधी मला राग आला. मग कळलं, इथे काही उरलं नाही, हेच तर भराव टाकणाऱ्यांना हवं होतं आणि मी ते फुकट छापून वाटत होतो.

आप्पा जवळच्या वाटेने घरी गेलेच नाहीत. जिताड्याच्या कल्ल्यात बोटं अडकवून त्यांनी अख्ख्या गावाला वळसा घातला. मागून मी ओरडत होतो, "आपल्या खाडीतलाच हाय! या, बगा!"