वर्कनेशच्या चुलीची जाहिरात

इथिओपियातल्या आमच्या मेदागे गावात मयताच्या घरी आलेल्या माणसाला "का आलात?" असं कुणी विचारत नाही. आला तो रडायलाच आला. त्याला मंडपात बसवायचं, हातावर पाणी घालायचं, जेवायला वाढायचं; ओळखपाळख काय ती नंतर. वर्कनेश याच गावात वाढली आणि इथेच नांदली. म्हणून तिच्या मुलाच्या दुखवट्यात पांढरी जीप दारात थांबून तीन अनोळखी माणसं उतरली, तेव्हा तीही रडायलाच आली असणार असं ती धरून चालली. चूक म्हणाल तर तिची एवढीच. पुढचं सगळं दुसऱ्यांनी केलं.

मुलाचं नाव ताम्रात. एकुलता एक. बाप तो रांगत असतानाच गेलेला. मेदागे ते वोल्डिया रिक्षा चालवायचा आणि घाटात वळणावळणावर हॉर्न वाजवून गाढवांना नावं ठेवायचा. बैलासारखा धडधाकट पोरगा तापाने आठवड्याभरात गेला.

मग इद्दिर आली. इद्दिर म्हणजे गावची मंडळी. कुणाकडे मयत झालं की मंडप, बाकं, मोठमोठी पातेली घेऊन हजर होतात, आणि दुखवट्याच्या घरातल्या बाईला चुलीकडे फिरकू देत नाहीत. जेवण शेजारपाजारच्या घरांतून येतं. गाशे बेलेते या मंडळीचे प्रमुख. वडीलधाऱ्याला आम्ही मानाने गाशे म्हणतो, आणि बेलेतेंना मान मिळाला नाही तर ते तो मागून घेतात. पण माणूस कामाचा. त्यांची बायको झेनेबेच तर वर्कनेशच्या उशाशी बसूनच होती. इंजेऱ्याचा, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या पोळीचा, तुकडा डाळीत बुडवून, तिच्या तोंडापाशी नेऊन म्हणायची, "गिळ गं. त्याच्यासाठी नको, माझ्यासाठी गिळ." आणि वर्कनेश गिळायची.

जीपमधल्या माणसांनाही मंडपात जेवायला वाढलं. ती जेवली. मग त्यांच्यातला शहरातला दुभाष्या वर्कनेशला म्हणाला, "घर दाखवाल का?" तिने आत नेलं. कॅमेरा होता, पण तिला वाटलं, लोक लग्नाचं चित्रीकरण करतात तसं यांच्याकडे मयताचंही करत असतील. दुभाष्याने चुलीकडे बोट केलं. ती म्हणाली, "तो गेल्यापासून हिच्यात विस्तव नाही. आता या घरात कोण खाणार आहे?" आणि ती जी रडायला लागली, ती ऊर फुटेस्तोवर रडली.

कॅमेऱ्यात काय आलं? काळी थंड चूल. पालथी घातलेली मडकी. गाल ओरबाडून घेतलेली बाई, तिच्या नेतेल्याची रंगीत किनार वर, अगदी तोंडापाशी ओढलेली. आमच्याकडे नेतेला, म्हणजे ही सुती ओढणी, अशी उलटी घेतलेली दिसली की शेंबडं पोरसुद्धा ओळखतं, बाई दुखवट्यात आहे. मंडप मात्र कॅमेऱ्याच्या पाठीमागे राहिला. त्या मंडपात निम्मं गाव जेवत होतं.

जाताना पाहुण्यांनी बिस्किटांचा एक खोका दिला. तो मंडपातच संपला. गाशे बेलेतेंनी दोन पुडे खिशात घातले, हे मी पाहिलेलं आहे.

पुढे काही महिन्यांनी एका परदेशी मदतसंस्थेची जाहिरात निघाली. थंड चूल, पालथी मडकी, रडणारी वर्कनेश आणि वर अक्षरं: या गावात चुली पेटत नाहीत. ताम्रातचं नाव नाही, मयताचं नाव नाही. या फोनवरून त्या फोनवर फिरत ती जाहिरात राजधानीत, आदिस अबाबाला पोचली आणि तिथल्या तरुण पोरांनी आकाशपाताळ एक केलं. राग खोटा नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. आमच्या मुलखाचं नाव निघालं की जगाला अजून हाडं वर आलेली पोरंच आठवतात. आमची कॉफी पिणारेही आम्हाला विचारतात, तुमच्याकडे खायला असतं का. अंगाची लाही लाही होते. पोरांनी त्या संस्थेला असं धारेवर धरलं की तिने जाहिरात मागे घेतली आणि इथिओपियाच्या जनतेची जाहीर माफी मागितली.

देशाची माफी मागून झाली. देशाला बरं वाटलं. वर्कनेशची कुणी मागितली नाही, कारण तिचीही माफी मागायला हवी असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उलट त्याच पोरांपैकी कितीकांनी लिहिलं होतं, या बाईला विचारा, रडायचे किती घेतले? कुणी लिहिलं, नटवी चांगली आहे. कुणाच्याही नजरेला ती किनार पडली नाही. शहरातली पोरं, नेतेला सणाला घेतात तेवढाच.

गावात हे सगळं झेनेबेचच्या फोनवर पोचलं आणि गाशे बेलेते तरातरा वर्कनेशच्या अंगणात आले.

"चुली पेटत नाहीत?" ते ओरडले. "माझ्या घरची चूल तुझ्या पोरापायी पहाटेपासून धडधडत होती! झेनेबेचने तुझ्या तोंडात घास घातले, आणि तू जगाला सांगितलंस आम्ही उपाशी?"

"गाशे, मी माझ्या चुलीचं बोलले. मयताच्या घरी चूल पेटते का?"

"मग तसं सांगायचं होतंस!"

"त्यांना सांगितलं की. तो गेल्यापासून, असं म्हटलं मी. ते काढून टाकलं तर मी काय करू?"

"काय करू म्हणजे? गावाची अब्रू वेशीवर टांगलीस आणि वर मलाच विचारतेस?"

झेनेबेच कुंपणापाशी उभी होती. वर्कनेशने तिच्याकडे पाहिलं. झेनेबेचने मान फिरवली.

त्या दिवसापासून कॉफीची हाक बंद झाली. आमच्याकडे कॉफी एकटीने पीत नाहीत. बिया भाजल्याचा वास सुटला की कुंपणावरून हाक येते, आणि ती आली नाही तर समजायचं ते समजावं. वर्कनेश रोज तो वास घेत अंगणात धान्य निवडत बसायची. स्वतःच्या घरी तिने कॉफी भाजणं सोडून दिलं. हाक मारायची कुणाला?

तिला खरी धास्ती होती ती तेझकारची. तेझकार म्हणजे मेलेल्याच्या नावाने गावाला घालायचं जेवण. चाळिसाव्या दिवशी तिची ऐपत नव्हती, म्हणून तिने वर्षाच्या दिवशी करायचं ठरवलं होतं. लोकांनी यायचं, पोटभर जेवायचं आणि उठताना म्हणायचं, 'देव ताम्रातच्या आत्म्याला विसावा देवो.' एवढं ऐकण्यासाठीच सगळा खटाटोप. जेवढी तोंडं म्हणतील तेवढा तो पोरगा निवांत पडेल, असं आम्ही मानतो. हसायचं त्याने हसावं. वर्कनेशने वर्षभर धान्य साठवलं, मेंढी पाळली, आणि आता जेवायला येणार कोण याची तिला खात्री उरली नव्हती.

ती घरोघर बोलवायला गेली. लोक "बघू" म्हणाले. गाशे बेलेते ओट्यावरूनच म्हणाले, "भुकेल्या घरी जेवून तुझं उरलंसुरलं आम्ही कशाला संपवू, बाई?"

ती माघारी फिरली. घरी येऊन मेंढीला चारा घातला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

अशात आदिस अबाबाहून हिरुत आली. जाहिरातीवर सगळ्यात जास्त आवाज उठवणाऱ्यांपैकी ही एक. मुलगी गोड होती, वाईट म्हणता येणार नाही. वर्कनेशच्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, त्यांनी तुम्हाला भुकेली दाखवलं. आम्ही तुम्हाला वाढताना दाखवणार. तुमचं भरलेलं ताट बघून त्यांची तोंडं बंद झाली पाहिजेत."

"माझ्याकडे मुलाचं तेझकार आहे," वर्कनेश म्हणाली. "त्या दिवशी ताट भरलेलं असेल. पण लोक येणार नाहीत."

"येतील की. मी बोलते."

हिरुत बेलेतेंकडे गेली. देशाची इज्जत, मेदागेचं नाव, तुमच्यासारखे जाणते लोक असं काहीबाही बोलली. गाशे बेलेते एका तासात फुलून आले. संध्याकाळी त्यांनी स्वतः गावभर सांगितलं, "धुतलेले कपडे घाला. एकही घर मागे राहता कामा नये. उपाशी म्हणतात काय आपल्याला!" इद्दिरचा मंडप पुन्हा वर्कनेशच्या दारात उभा राहिला. पातेली आली. झेनेबेच कांदा चिरायला आली, काही बोलली नाही, पण आली. वर्कनेशला तेवढंही पुष्कळ वाटलं. कशासाठी का येईनात, येताहेत ना. जेवून उठताना म्हणतील ना.

वर्षाच्या दिवशी चर्चमधली प्रार्थना आटोपून ती तव्यापाशी बसली. पहिला इंजेरा नेहमीसारखा फसला. तवा तापायचा असतो, कडेने चिकटतो, मध्ये फाटतो. आंबोळीचं होतं तसंच. तो काढून तिने झाकणावर वेगळा ठेवला. हिरुतने कॅमेरा जवळ आणून विचारलं, "आई, हा बाजूला का?"

"हा ताम्रातचा," वर्कनेश म्हणाली, आणि बोलता बोलता तिला हसू आलं. "लहानपणी मी हा कोंबड्यांना टाकायची. पोरगा रडून रडून हैराण! म्हणाला, कोंबड्यांना गरम आणि मला गार? तेव्हापासून पहिला त्याचा. रिक्षा चालवायला लागला तरी पहाटे तव्यापाशी येऊन बसायचा, बोटं भाजून घ्यायचा. म्हणायचा, आई, तुझा चांगला इंजेरा गावाला घाल, वाईट मला दे."

"किती छान हसता तुम्ही," हिरुत म्हणाली. "आई, ती किनार खाली घ्या ना जरा. चेहरा झाकला जातो."

वर्ष भरलंच होतं. वर्कनेशने किनार खाली घेतली.

गाव आलं. असं आलं की बाकं पुरेनात. मटण, डाळ, घरी गाळलेली बार्लीची दारू, कशालाच कमी नव्हतं. हिरुतबरोबरचा पोरगा सांगत होता, "मोकळे बसा, दुखवट्याचं तोंड करू नका." एकाने मासिंको काढली आणि तिच्या एका तारेवर गाणं धरलं. वर्कनेशने गाशे बेलेतेंना घास भरवावा असं ठरलं. तिने भरवला. नीट दिसलं नाही म्हणून पुन्हा भरवला, आणि बेलेतेंनी तोंड मोठं उघडलं नाही म्हणून तिसऱ्यांदा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हिरुतला मावळतीच्या उन्हात सगळं गाव रस्त्यावर उभं हवं होतं, म्हणून अख्खा मंडप घाईघाईने हात पुसत उठला आणि तिच्यामागून गेला.

वर्कनेश दाराशी उभी होती. आमच्याकडे घरधनीण दाराशी उभी राहते, जाणारा प्रत्येकजण ते विसाव्याचं वाक्य म्हणतो आणि ती मान लववते. ती मान लववायच्या तयारीत उभी होती. लोक तिच्या अंगावरून हसत, बोलत, केस सारखे करत निघून गेले. शेवटचा माणूस गेला तरी ती तशीच उभी होती. मग आत जाऊन तिने भांडी आवरायला घेतली.

चित्रफीत निघाली आणि पहिल्या जाहिरातीपेक्षाही जास्त पसरली. एके सकाळी गाशे बेलेते झेनेबेचचा फोन घेऊन वर्कनेशच्या स्वयंपाकघरात आले. वर्षभरात पहिल्यांदा.

"बघ बघ! जगात नाव झालं. मी किती वेळा दिसतो बघ."

ती तव्यापाशी होती. हात पुसून तिने फोन घेतला. ताटं, वाफा, पांढरे कपडे, बेलेतेंचं उघडं तोंड. आणि ती स्वतः, नेतेला खाली, तोंडभर हसणारी. ओठ हलत होते. वर मासिंको वाजत होती.

"गाशे, इथे मी बोलतेय. ते कुठे गेलं?"

"गाणं घातलंय त्यावर. छान आहे की! काय बोलत होतीस?"

तिने सांगितलं. कोंबड्या, गरम इंजेरा, पहाटेची भाजलेली बोटं. सांगताना या वेळी तिला हसू आलं नाही. "रडले तेव्हा त्याला काढून टाकलं," ती म्हणाली, "आणि हसले तेव्हाही. त्या पोराने कुणाचं काय केलं होतं?"

बेलेतेंनी फोन परत घेतला. मग चाचरत म्हणाले, "त्या दिवशी उठताना मी म्हटलं होतं ना? त्याच्या नावाने?"

"नाही, गाशे."

"झेनेबेचने?"

"कुणीच नाही. तुम्ही सगळे रस्त्यावर गेलात."

बेलेतेंचा चेहरा उतरला. ते भिंतीकडच्या तिवईवर बसले. चूल पेटलेली होती. तव्यावर पहिला इंजेरा कडेने चिकटून बसला होता. वर्कनेशने तो खरवडून काढला, दोन ठिकाणी फाटला, आणि झाकणावर वेगळा ठेवला.

"तो मला दे," बेलेते म्हणाले.

"फसलेला आहे तो."

"दे."

त्यांनी तो नुसताच खाल्ला, बोटं भाजत, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग डोक्यावरची टोपी काढून म्हणाले, "देव ताम्रातच्या आत्म्याला विसावा देवो."

वर्कनेशने मान लववली. ती लववली ती तिला वर उचलता येईना. तिने नेतेल्याची किनार ओढून तोंडापाशी घेतली आणि वर्षापूर्वी रडली होती तशी रडू लागली. गाशे बेलेते उठले नाहीत. फोन त्यांनी जमिनीवर पालथा ठेवला आणि ते तिथेच बसून राहिले.